उपग्रहाचे चित्र वाचायलाही शिकवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळ्यात आपल्या दैनिकात उपग्रहाने टिपलेले ढगांचे चित्र अधूनमधून छापले जाते, पण ते कसे वाचायचे याबद्दल त्याखाली काहीच नसते. ही उणीव किती महागात पडू शकते, ते मी जवळून पाहिले आहे.

गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेनंतर माझा एक जुना विद्यार्थी, जो आता वर्सोवा कोळीवाड्यात तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख आहे, मोबाइल घेऊन घरी आला. कुणीतरी पुढे पाठवलेल्या चित्रात मुंबईवर मोठा पांढरा डाग होता. "बाई, एवढा ढग डोक्यावर आहे, होडी काढू की नको?" कोपऱ्यात ०६:०० अशी वेळ होती आणि दुपारचे बारा वाजायला आले होते, त्यामुळे चित्र शिळे असावे असेही त्याला वाटत होते. ती वेळ जागतिक प्रमाणवेळेची होती. तिच्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ मिळते, म्हणजे चित्र साडेअकराचे, चांगले ताजे होते. डागाबद्दलही त्याचा असाच गैरसमज झाला होता. अवरक्त चित्रात, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या किरणांनी घेतलेल्या चित्रात, जे जितके थंड, ते तितके पांढरे दिसते. त्यामुळे खूप उंचावरचा, थेंबही न पाडणारा विरळ ढग पांढराशुभ्र दिसू शकतो, आणि सह्याद्रीला अडून कोकणात धो धो कोसळणारा बुटका ढग, त्याचा माथा त्या मानाने उबदार असल्यामुळे, नुसता करडा दिसू शकतो. होडीचा निर्णय त्या डागावरून घेऊ नकोस, हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा पाहा, असे मी त्याला सांगितले. वर्षानुवर्षे समुद्र वाचणाऱ्या माणसाला हे चित्र वाचता येऊ नये, याची मला त्याची शिक्षिका म्हणून खंत वाटली.

अशा वेळी डॉ. पिशारोथ राम पिशारोटी यांची आठवण होते. भारतातील दूरसंवेदनाचे, म्हणजे विमानातून वा उपग्रहातून दुरूनच जमिनीची माहिती टिपण्याच्या तंत्राचे, जनक म्हणून ते ओळखले जातात. पण १९५९ साली ते आपल्या कुलाबा आणि अलिबागच्या वेधशाळांचे संचालक होते, हे किती मुंबईकरांना ठाऊक असेल? त्यानंतर १९६२ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ते पहिले संचालक झाले. निवृत्तीनंतर विक्रम साराभाईंच्या बोलावण्यावरून ते अहमदाबादला गेले आणि १९७० च्या सुमारास केरळातील नारळबागांवर हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर छायाचित्रे घेऊन रोगट माड ओळखण्याचा प्रयोग त्यांनी केला. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. देशाचा स्वतःचा उपग्रह आकाशात जाण्याआधीच, वरून घेतलेले चित्र खालच्या बागाईतदाराच्या काय कामाचे, हा प्रश्न या शास्त्रज्ञाने हाती घेतला होता. २००२ साली त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी केवळ हवामानासाठी बनवलेला आपला उपग्रह, ज्याला पुढे कल्पना-१ हे नाव मिळाले, अवकाशात गेला.

आज इन्सॅट मालिकेतील उपग्रहांची चित्रे दिवसरात्र, दर अर्ध्या तासाने किंवा त्याहूनही लवकर, कुणालाही मोबाइलवर पाहता येतात. मात्र त्यातील इन्सॅट-३डीआर या उपग्रहाच्या अवरक्त चित्रातला एक ठिपका सुमारे चार किलोमीटरचा असतो, हे पाहणाऱ्याला कुणी सांगत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आणि कुलाब्याला अवघा ७३ मिलिमीटर पाऊस झाला होता. ज्या शहरात एका टोकाला प्रलय आणि दुसऱ्या टोकाला साधी सर असू शकते, तिथे आपल्या गल्लीत काय होणार हे एकट्या उपग्रहचित्रावरून ठरवता येत नाही. त्याच्या जोडीला डॉप्लर रडारचे, म्हणजे ढगातला पाऊस जमिनीवरून टिपणाऱ्या यंत्राचे, चित्र पाहावे लागते.

म्हणून विनंती अशी की, जून ते सप्टेंबर या काळात आपण रोज हे चित्र भारतीय वेळेसह छापावे, ते दृश्य प्रकाशातले आहे की अवरक्त ते लिहावे, आणि त्या दिवशी त्यात काय पाहायचे ते दोन सोप्या वाक्यांत सांगावे. जागेची अडचण असेल तर आठवड्यातून एकदा छापले तरी चालेल. मजकूर तपासून देण्यासाठी हवामान खात्यातील एखाद्या निवृत्त अधिकाऱ्याला आपण विनंती करू शकाल, आणि कोळीवाड्यातील वाचकांना तो समजतो की नाही हे पाहून कळवण्याचे काम मी आनंदाने करीन.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका
वर्सोवा, मुंबई