जुनी फाइल शोधू नका, प्रोग्रॅम नव्याने बांधून द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सातारा जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेचे संगणक मी सांभाळतो. त्यांवरच्या उबंटू या ऑपरेटिंग सिस्टिमच्या २०.०४ आवृत्तीचा नियमित सपोर्ट मे २०२५ मध्ये संपला, म्हणून आम्ही २२.०४ वर गेलो. अपग्रेड विनातक्रार झालं, पण सकाळी काउंटर उघडल्यावर पिग्मीचा प्रोग्रॅम सुरू होईना. आयकॉनवर क्लिक केलं की काहीच घडत नव्हतं. टर्मिनलमधून चालवल्यावर कळलं, 'लिबएसएसएल.एसओ.१.१' ही लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात ती तयार कोडची फाइल, सापडत नाही. प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्रऱ्या कुठे आहेत हे दाखवणारी 'एलडीडी' कमांड लावून पाहिली, तर बाकी साऱ्या लायब्रऱ्यांपुढे पत्ता होता. हिच्यापुढे आणि 'लिबक्रिप्टो'पुढे 'नॉट फाउंड'. या दोन्ही फाइली ओपनएसएसएल या, जोडणी सुरक्षित ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या. २०.०४ मध्ये ओपनएसएसएल १.१.१ होतं, २२.०४ मध्ये ३.० आहे. जुनं पॅकेज अपग्रेडच्या साफसफाईत निघून गेलं होतं.

प्रोग्रॅम देणाऱ्या कंपनीला फोन केला. तिथून सल्ला मिळाला, नव्या फाइलला जुन्या नावाची लिंक द्या. ते चालत नाही. लायब्ररीतल्या फंक्शनांवर आवृत्तीचा शिक्का असतो, प्रोग्रॅम १.१ चा शिक्का मागतो, तो नव्या फाइलमध्ये नसतो आणि प्रोग्रॅमला लायब्रऱ्या जोडून देणारा लोडर तिथेच थांबतो. मग दुसरा सल्ला: नेटवरून जुनं डेब पॅकेज (उबंटूवर इन्स्टॉल करायची फाइल) उतरवून टाका. हे मात्र चालतं, आणि मला काळजी त्याचीच आहे. ओपनएसएसएल १.१.१ च्या मोफत सुरक्षा दुरुस्त्या सप्टेंबर २०२३ मध्येच थांबल्या. गोरगरिबांच्या रोजच्या बचतीचे आकडे ज्या जोडणीतून जातात, तिचं कुलूप असं कुठूनतरी आणून बसवायचं का?

अशा शेअर्ड (सामायिक) लायब्ररीचा फायदाच हा, की दुरुस्ती एका जागी केली की तिच्यावर चालणारे सगळे प्रोग्रॅम सुधारतात. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधलं हार्टब्लीड नावाचं सुरक्षेतलं भगदाड उघडं पडलं, तेव्हा अनेक सर्व्हर असेच एका पॅकेजच्या अपडेटने आणि रीस्टार्टने बुजवता आले. हाताने टाकलेल्या जुन्या फाइलला ही सोय नाही. ती तिथेच पडून राहते आणि वर्षभराने कुणाच्या लक्षातही राहत नाही.

यावरचा उपाय कंपनीच्याच हातात आहे: प्रोग्रॅम ओपनएसएसएल ३.० वर पुन्हा बांधून देणं, म्हणजे मूळ कोडपासून (सोर्स) नव्याने तयार करणं. सोर्स त्यांच्याकडेच आहे. उबंटूची दीर्घ सपोर्टची आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते, तेव्हा अचानक आलं म्हणायलाही जागा नाही. माझी पतसंस्थांच्या संचालकांना कळकळीची विनंती आहे: देखभालीचा करार नव्याने करताना 'प्रत्येक नव्या दीर्घ सपोर्टच्या आवृत्तीसाठी प्रोग्रॅम बांधून, तपासून देऊ' ही अट लेखी घ्या, आणि ती पाळल्याशिवाय वार्षिक शुल्काचा चेक काढू नका.

आपला,
एक वाचक, जि. सातारा