ताई, ‘जागा कोणी दिली?’ या प्रश्नाबद्दल आभार

प्रिय ताई,

तोंडावर आभार मानले की तुम्ही “बिल्ड झाला का?” असं विचारून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांदेखत. इथे तुम्हाला मला मधेच तोडता येणार नाही.

तुम्हाला तो दिवस आठवत नसेल, मला मात्र लख्ख आठवतो. नोकरीला लागून जेमतेम दुसरा महिना. तापमान मोजून नोंदवणाऱ्या एका छोट्या बोर्डाचं फर्मवेअर, म्हणजे त्या बोर्डावर चालणारा सी भाषेतला प्रोग्रॅम, माझ्या गळ्यात पडला होता. तोवर माझे सगळे प्रोग्रॅम एकाच फाईलमध्ये मावायचे. मेनच्या डोक्यावर ग्लोबल व्हेरिएबल लिहायचं, संपला विषय. इथे चार फाइली होत्या: मेन.सी, सेन्सर.सी, डिस्प्ले.सी आणि लॉग.सी. सेन्सरने आतापर्यंत किती रीडिंग घेतली हा आकडा चौघींनाही हवा होता. मी ग्लोबल्स.एच नावाची हेडर फाईल (इतर फाइलींत ओढून घ्यायचा सामाईक मजकूर) केली, तिच्यात ‘इंट रीडिंग_काउंट;’ अशी ओळ टाकली आणि चारही फाइलींत ती इन्क्लूड केली. माझ्या मशीनवर एकही तक्रार नाही. बिल्ड सर्व्हरवर, म्हणजे सगळ्यांचा कोड जिथे एकत्र तयार होतो त्या मशीनवर, मात्र लिंकरने (कंपाइल झालेले तुकडे जोडून एक प्रोग्रॅम करणाऱ्या साधनाने) ‘मल्टिपल डेफिनिशन ऑफ रीडिंग_काउंट’ असं तीनदा सुनावलं.

“पण माझ्याकडे चालतंय!” हे मी त्या दिवशी इतक्यांदा म्हटलं की शेजारच्या टेबलावरचे हसायला लागले. इन्क्लूड गार्ड तपासला. होता. त्याचं नाव बदललं, स्पेलिंग पाहिलं, पुन्हा बिल्ड केला. तेच तीन एरर.

तुम्ही आलात, कीबोर्डला हातही लावला नाहीत. नुसतं विचारलंत, “या व्हेरिएबलला मेमरीत जागा कोणी दिली?”

“हेडरने,” मी म्हटलं.

“हेडर कंपाइल होते का?”

मी गप्प.

मग तुम्ही खुर्ची ओढून बसलात आणि जे सांगितलंत ते मला चार वर्षांत कुणी इतक्या सरळ सांगितलं नव्हतं. हॅश इन्क्लूड म्हणजे निव्वळ मजकूर चिकटवणं. कंपायलरपुढे चार वेगवेगळे लांबलचक मजकूर येतात. पहिला संपला की तो पाटी पुसतो आणि दुसरा हातात घेतो, आधीच्या फाईलमध्ये काय होतं हे त्याच्या गावीही नसतं. इन्क्लूड गार्ड एकाच फाईलमध्ये तेच हेडर दोनदा चिकटू नये एवढंच बघतो, चार फाइलींशी त्याला देणंघेणं नाही. त्यामुळे चारही ऑब्जेक्ट फाइलींनी (प्रत्येक मजकूर कंपाइल होऊन बनलेल्या फाइलींनी) आपापल्या परीने रीडिंग_काउंटसाठी जागा राखून ठेवली. चौघी एकत्र येतात त्या थेट लिंकरसमोर, आणि एकाच नावाच्या चार जागा बघून तो हात वर करतो. तोपर्यंत डिक्लेरेशन आणि डेफिनिशन हे माझ्यासाठी परीक्षेत फरक लिहायचे दोन शब्द होते. त्या दुपारी कळलं की एक ‘असं काहीतरी कुठेतरी आहे’ एवढंच सांगतं आणि दुसरं खरोखर बाइट अडवतं.

मग माझ्या मशीनवर कसं चालत होतं? ते तुम्ही उठता उठता सांगितलंत. माझ्याकडचा जीसीसी, म्हणजे आमचा कंपायलर, जुना होता. किंमत न देता लिहिलेलं ग्लोबल व्हेरिएबल तो ‘कॉमन’ नावाच्या सामाईक खात्यात टाकायचा आणि लिंकर त्याच नावाच्या सगळ्या नोंदी मुकाट्याने एकत्र करायचा. ही रीत फोरट्रानच्या कॉमन ब्लॉकच्या वळणाची. २०२० मध्ये आलेल्या जीसीसी १० पासून मुळातली सेटिंगच उलटी झाली, आता सामाईक खातं हवं असेल तर तसा पर्याय मुद्दाम द्यावा लागतो. सर्व्हरवर नवा जीसीसी होता. “तुझा कोड बरोबर नव्हता,” तुम्ही म्हणालात, “लिंकर सांभाळून घेत होता.”

इथवर ठीक. पण खरे आभार मानायचेत ते पुढच्या गोष्टीसाठी, कारण पुढचा मूर्खपणा सर्वस्वी माझा होता.

तुम्ही मीटिंगला गेलात आणि मी कुठेतरी वाचलं की ओळीआधी स्टॅटिक लिहिलं की हा एरर जातो. लिहिलं. गेला! चारही फाइली कंपाइल झाल्या, लिंक झाली, सर्व्हर हिरवा. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली आणि कोड बोर्डावर चढवला. डिस्प्लेवर शून्य. पाच मिनिटांनीही शून्य. सेन्सर व्यवस्थित वाचत होता, डीबगरमध्ये (चालता प्रोग्रॅम थांबवून आत बघायच्या साधनात) सेन्सर.सी मध्ये थांबून पाहिलं की काउंट ४७, ४८, ४९ असा चढताना दिसायचा. डिस्प्ले.सी मध्ये थांबलं की शून्य. तीन तास गेले. वायर बदलली, डिस्प्ले बदलला, शेवटी बोर्डच बदलला. हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं. तो दुसरा बोर्ड मीच स्टोअरमधून आणला होता.

संध्याकाळी तुम्ही परत आलात आणि पुन्हा तोच प्रश्न. जागा कोणी दिली? या वेळी मात्र तुम्ही टर्मिनल उघडून तयार फाईलवर एनएम (फाईलमधली नावं आणि त्यांच्या जागा दाखवणारी कमांड) चालवलंत आणि रीडिंग_काउंट शोधलंत. एकाखाली एक चार ओळी आल्या. नाव चारही ओळींत तेच, पत्ते चार वेगळे, आणि प्रत्येकापुढे धाकट्या लिपीतला बी. तुम्ही त्या बी वर बोट ठेवलंत. धाकटा बी म्हणजे शून्याने सुरू होणारी, त्या फाईलपुरती खासगी जागा. थोरला बी असता तर ती सगळ्यांना दिसणारी. यू म्हणजे ‘मला हवं आहे, पण माझ्याकडे नाही’. सेन्सर स्वतःच्या वहीत मोजत होता आणि डिस्प्ले स्वतःची कोरी वही पुन्हा पुन्हा वाचून दाखवत होता.

स्टॅटिकवरून तुम्ही केलेली शेरेबाजीही लक्षात आहे: एका शब्दाला दोन नोकऱ्या. फंक्शनच्या आत लिहिला तर व्हेरिएबलचं आयुष्य वाढवतो, बाहेर लिहिला तर त्याला फाईलच्या आत कोंडतो. मी पहिली नोकरी ओळखत होते, दुसरीवर आपटले.

नंतरची दुरुस्ती दोन ओळींची. हेडरमध्ये ‘एक्स्टर्न इंट रीडिंग_काउंट;’ (जागा दुसरीकडे आहे एवढंच सांगणारं डिक्लेरेशन) आणि फक्त सेन्सर.सी मध्ये ‘इंट रीडिंग_काउंट = ०;’. अर्थात पहिल्या खेपेला मी दुसरी ओळ विसरले आणि ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ पदरात पाडून घेतला. सगळ्यांनी मागितलं, कुणीच दिलं नाही. पण आता एरर वाचून घाम फुटत नव्हता. एनएम चालवलं, चारही ऑब्जेक्ट फाइलींत यू दिसला, उत्तर समोर होतं. मग अतिउत्साहात ‘= ०’ हेडरमधल्या एक्स्टर्नच्याच ओळीत लिहून पाहिलं. किंमत दिली की एक्स्टर्न लिहूनही ते डेफिनिशनच होतं, हे कंपायलरच्या वॉर्निंगने आणि पाठोपाठ जुन्या तीन एररनी सांगितलं.

तुमची एक सवय मला तेव्हा निव्वळ शिस्तीचा अट्टहास वाटली होती. ज्या फाईलमध्ये डेफिनिशन आहे तिनेही स्वतःचं हेडर इन्क्लूड केलंच पाहिजे, आणि .सी फाईलमध्ये हाताने एक्स्टर्न लिहायचं नाही. मी मान डोलावली आणि दोन आठवड्यांत नियम मोडला. मेन.सी मध्ये डिव्हाइसचं नाव ठेवणारा सोळा अक्षरांचा कॅर अ‍ॅरे होता. लॉग.सी मध्ये तो हवा होता, घाई होती, मी तिथेच ‘एक्स्टर्न कॅर *डिव्हाइस_नेम;’ असं लिहून टाकलं. अ‍ॅरे आणि पॉइंटर एकच की, असं गृहीत धरून. कंपायलरने दोन्ही फाइली वेगवेगळ्या पाहिल्या, दोन्ही आपापल्या जागी निर्दोष. लिंकरला सी मध्ये टाइपचं काही पडलेलं नसतं, तो नाव जुळवतो आणि मोकळा होतो. बोर्ड सुरू झाला, पहिली नोंद लिहायला गेला आणि हार्ड फॉल्ट, म्हणजे प्रोसेसरच अडकला.

डीबगरमध्ये पॉइंटरची किंमत दिसत होती, हेक्समध्ये ५४५३४५५४. मला वाटलं मेमरी खराब झाली. तुम्ही ती संख्या पाहिलीत आणि हसलात. “हे तर इंग्रजीत लिहिलंय,” म्हणालात, आणि माझ्याच वहीत दोन-दोन आकड्यांनी ती तोडलीत. टी म्हणजे ५४, ई म्हणजे ४५, एस म्हणजे ५३, पुन्हा टी ५४. मी डिव्हाइसला ‘टेस्ट’ असं नाव दिलं होतं. बत्तीस बिटांचा लिटल एन्डियन प्रोसेसर, म्हणून बाइट उलट्या क्रमाने वाचलेले. अ‍ॅरेच्या जागेत प्रत्यक्ष अक्षरं असतात, पॉइंटरच्या जागेत पत्ता. लॉग.सी ने ती चार अक्षरंच पत्ता समजून उचलली आणि त्या पत्त्यावर जाऊन थडकली. ते वहीचं पान मी फाडून ठेवलंय. तुमच्या अक्षरात आहे, म्हणून वाचायला जरा वेळ लागतो.

मग मी ती ओळ हेडरमध्ये हलवली, पॉइंटर तसाच ठेवून, मुद्दाम. मेन.सी मध्ये हेडर इन्क्लूड होतंच. ‘कॉन्फ्लिक्टिंग टाइप्स’, ओळ क्रमांकासकट, क्षणात. तुमचा अट्टहास कशासाठी होता ते समजलं. डिक्लेरेशन आणि डेफिनिशन एकाच मजकुरात समोरासमोर आले तरच कंपायलर त्यांची पत्रिका जुळवून बघू शकतो.

इंटरप्टमधून (चालू काम थांबवून मधेच धावणाऱ्या कोडमधून) बदलणाऱ्या फ्लॅगला व्होलटाइल (‘किंमत दर वेळी मेमरीतूनच वाच’ ही कंपायलरला सूचना) लावायचं, आणि ते हेडरमध्येही लावायचं, हेही तुम्हीच दाखवलंत. त्यावर जास्त लिहीत नाही, कारण तिथे मी फक्त अर्धा दिवस घालवला.

शेवटचं एक, ज्यावर मी तुमच्याशी वाद घातला होता. सगळं नीट चालायला लागल्यावर तुम्ही विचारलंत, “हा काउंट वाचतं कोण, आणि लिहितं कोण?” मी म्हटलं, लिहितो सेन्सर, वाचतात बाकीचे. तुम्ही म्हणालात, मग एक्स्टर्न कशाला, सेन्सर.सी मध्ये स्टॅटिक करून टाक आणि वाचायला एक छोटं फंक्शन दे. मला ते पटलं नाही. एका आकड्यासाठी फंक्शन कॉल? तुम्ही वाद घातला नाहीत. “करून तर बघ,” एवढंच. केलं. लॉग.सी कंपाइल होईना. बाराव्या का तेराव्या ओळीवर, फाईल भरली की रीडिंग_काउंट शून्य करणारी एक ओळ होती. माझीच. कधी लिहिली ते आठवतही नव्हतं. डिस्प्लेवरचा आकडा अधूनमधून शून्यावर का येतो म्हणून ‘नंतर बघू’च्या यादीत टाकलेला बग तो हाच. ज्या स्टॅटिकने मला तीन तास रडवलं होतं, त्यानेच हा चोर पकडून दिला.

तुम्ही दुसऱ्या प्रोजेक्टवर गेलात त्याला आता बरेच महिने झाले. ग्लोबल्स.एच अजून आहे. तुम्ही गेलात तेव्हा तिच्यात एकतीस व्हेरिएबल होती, आता दोन उरलीत. दोन्ही एक्स्टर्न आहेत, दोघांना जागा कोणी दिली ते शेजारी कॉमेंटमध्ये लिहिलंय. त्यातलं एक पुढच्या रिलीजमध्ये जाईल. दुसरं मला काढता येत नाहीये, तेव्हा एखाद्या दुपारी येऊन जा.

तुमची,
खिडकीशेजारच्या टेबलावरची

ता. क. तो दुसरा बोर्ड मी स्टोअरमध्ये परत केला. त्याला काहीही झालेलं नव्हतं.