सूचना : रविवारचा सराव आणि रामोस

सर्व सदस्यांना नमस्कार. येत्या रविवारी सराव सकाळी ६ लाच सुरू होईल. नऊनंतर जळगावचं ऊन कुणाचं ऐकत नाही.

सरावानंतर क्लबच्या टीव्हीवर स्पॅनिश फुटबॉलपटू सर्जिओ रामोसचे निवडक सामने बघायचे आहेत. रिअल माद्रिदमध्ये १६ वर्षं काढलेला हा बचावपटू फेब्रुवारी २०२५ मध्ये, वयाच्या ३८व्या वर्षी, मेक्सिकोच्या मॉन्तेरे क्लबला गेला. जर्सी घेतली ९३ नंबरची. २०१४च्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये ९३व्या मिनिटाला केलेल्या बरोबरीच्या गोलची आठवण म्हणून. २०२५च्याच जूनमध्ये क्लब वर्ल्ड कपमध्ये इंटर मिलानविरुद्ध कॉर्नरवर हेडरने गोल केला. सामना १-१ सुटला. हेडर सगळेच बघतील. तुम्ही त्याआधीची त्याची जागा बघा. बॉल यायच्या आधी तो कुठे उभा होता, कधी निघाला. पाय मंदावले की डोकंच कामाला येतं.

पस्तिशी ओलांडलेल्यांनी "आता आपलं काय" म्हणत बाकावर बसू नये, बूट घालूनच यावं. बॅक लाइनमधल्या पोरांनी तर यायचंच, भो!

नंतर भरीत-पुरी आहे. वांगी आणायची, त्यामुळे येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर नाव टाकावं.