'ब' संघाच्या गोलालाही नाव असते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालचे क्रीडा पान वाचून राहवले नाही, म्हणून हे पत्र. शाहू स्टेडियमवरच्या दुपारी चारच्या फुटबॉल सामन्याला तुम्ही चार कॉलम दिलेत, त्यातले दोन गॅलरीतल्या हुल्लडबाजीवर खर्च झाले. दोनच्या सामन्याला 'अन्य सामन्यात' म्हणून एक ओळ. त्या एका ओळीतही गोल करणाऱ्याचे नाव चुकले.

तो गोल माझ्या पुतण्याचा. तुम्ही ज्याचे नाव छापले तो पोरगा गुडघ्याला क्रेप बँडेज बांधून बाहेर बाकावर बसला होता, मैदानात उतरलाच नाही. पुतण्या शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत रात्रपाळी करतो. सकाळी सातला सुटला, जेमतेम चार तास झोपला आणि बूट पिशवीत घालून स्टेडियमवर आला. उत्तरार्धात कॉर्नरचा चेंडू त्याने दोन बॅकच्या मधून उडी मारून डोक्याने मारला. जमिनीवर टप्पा पडून तो गोलकीपरच्या हाताखालून आत गेला. तेव्हा पत्रकारांच्या खुर्च्यांवर कुणीही नव्हते, मी समोरच होतो. काल सकाळी पोराने तीन अंक विकत घेतले. वाचले, घडी घातली आणि न बोलता झोपायला गेला. कागलला त्याच्या आजोळी जी आवृत्ती जाते, तिच्यात तर ती ओळही नव्हती. ग्रामीण आवृत्तीला कोल्हापूरचा फुटबॉल वर्ज्य आहे का?

मी स्वतः 'ब' संघाचा गोलकीपर. 1987 साली माझे नाव पेपरात पहिल्यांदा आले ते हरलेल्या सामन्यात. चार गोल खाल्ले होते, तीन अडवले होते. त्या वेळच्या बातमीदाराने अडवलेले तीनही लिहिले, कारण तो माणूस पहिल्या शिट्टीपासून गोलपोस्टच्या मागे उभा होता. त्या बातमीच्या जोरावर मी पुढे सहा हंगाम खेळलो.

पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस या संघांचे 'अ' आणि 'ब' दोन्ही आपण वर्षानुवर्षे बघत आलो. आता मोठ्या संघांत बाहेरचे, अगदी परदेशी खेळाडूही येतात. येऊ देत, त्यांचा खेळ बघायला मलाही आवडतो. पण मग पेठेतल्या पोराला पाय ठेवायला जागा उरते ती 'ब' संघात, नाहीतर एखाद्या लहान तालमीच्या संघात. 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात आपला अनिकेत जाधव भारताकडून खेळला, तेव्हा सगळे कोल्हापूर मिरवले. तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला. बाकीच्या पोरांना गांधी मैदान आहे आणि दोनचा सामना आहे.

संयोजकांनाही एक सांगणे आहे. एप्रिलच्या उन्हात दोनचा सामना दरवेळी लहान संघांच्याच वाट्याला का? एखाद्या दिवशी अदलाबदल करा, मोठ्या संघांनाही ते ऊन कळू दे.

पुतण्याचे नाव आणि त्याच्या संघाचे नाव सोबतच्या चिठ्ठीत लिहिले आहे. दुरुस्ती छापावी, दोन्ही आवृत्त्यांत. शनिवारी दोन वाजता त्यांचा पुढचा सामना आहे. बातमीदाराला पहिल्या शिट्टीच्या आधी पाठवा, सावलीतली जागा मी धरून ठेवतो.

आपला,
एक जुना गोलकीपर
शिवाजी पेठ, कोल्हापूर