मोटर फिरते, पण पाणी चढत नाही

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

बाबा, परवा तुम्ही म्हणालात, "मोटर फिरतेय, पण पाणी काही चढत नाही," आणि मी "मेकॅनिकला दाखवा" म्हणून मोकळी झाले. दिवसभर पंपांतच असते मी, वडिलांना मात्र दोन वाक्यांत कटवलं!

मोटर बिघडलेली नसावी, पंपाने हवा धरली असावी. आपण म्हणतो पंप पाणी ओढतो. खरं तर आतला इम्पेलर, म्हणजे वाकड्या पात्यांची चकती, पाणी गरगरवून कडेला फेकतो. मधोमध दाब कमी होतो आणि टाकीतल्या पाण्यावर दाबून बसलेली बाहेरची हवा पाण्याला पाइपातून वर रेटते. आत हवाच भरली असेल तर ती इतकी हलकी, की कितीही फेकली तरी मधला दाब फारसा उतरत नाही. बाहेरच्या हवेचा जोरही फार तर 10.3 मीटर उचलायचा. घर्षण वगैरे जाता हाती 7 मीटरच. म्हणून तर बोअरमध्ये अख्खा पंपच खाली सोडतात.

आई, मामाच्या डायलिसिसला तू जे फिरतं चाक बघत होतीस, ती वेगळीच जात. एक रोलर नळी चेपत पुढे जातो, तो सोडायच्या आत दुसरा चेपतो. रक्त नळीतच राहतं, चाकाला लागत नाही. हा पंप हवासुद्धा तितक्याच इमानाने पुढे ढकलेल, म्हणून बुडबुडा दिसताच ते यंत्र थांबतं. हातपंप, गाडीतला ऑइल पंप याच गोतातले: एका फेरीला ठरलेलं माप. त्यांची वाट बंद केली तर दाब चढून काहीतरी फुटतं. आपला पंप मात्र आतल्या आत पाणी घुसळत तापत बसतो.

तर बाबा, आधी मेन स्विच बंद. पंपावरचा बूच काढून बुडबुडे थांबेपर्यंत पाणी ओता. ओतलेलं खाली उतरत राहिलं, तर फूटव्हॉल्व्हमध्ये, म्हणजे पाइपाच्या तळाशी पाणी परत उतरू न देणाऱ्या झडपेत, कचरा अडकला असावा. टिकलं आणि तरी पुन्हा हवा धरली, तर सक्शन पाइपाचा, म्हणजे टाकीतून पंपापर्यंत येणाऱ्या पाइपाचा, सांधा बघा. तोवर कोरडी चालवू नका, सील जळेल.

आई, ओल्या हातांनी त्यांना बटण लावू देऊ नकोस. रविवारी फोन करते.

तुमची,
धाकटी