टँकरच्या पाण्याचा जडपणा कोण मोजणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की पर्वरी, म्हापसा, ताळगाव, वास्को या भागांतील सदनिकांमधून एकच तक्रार ऐकू येते. साबणाला फेस येत नाही, केस राठ होतात, गिझर बिघडतो आणि तोणाकासाठी, म्हणजे रश्श्याच्या भाजीसाठी, रात्रभर भिजवलेले अळसांदे (चवळीसारखे कडधान्य) कुकरमध्ये कितीही शिट्ट्या झाल्या तरी टणकच राहतात. बहुतेक जण याचा राग सरकारी नळावर काढतात. माझ्या मते दोष नळाचा नाही, आणि दोष भलत्याला दिला जात असल्यामुळेच मूळ दुखण्यावर इलाज होत नाही.

गोव्यातील नळांना येणारे पाणी प्रामुख्याने नद्यांचे आणि धरणांचे आहे. तिसवाडी व फोंड्याला खांडेपार नदीवरील ओपा प्रकल्पाचे, बार्देशला अस्नोड्याचे, पेडण्याला चांदेलचे, तर सासष्टी व मुरगावला साळावली धरणाचे पाणी मिळते. आपल्याकडच्या धो धो पावसाने जांभ्या दगडातला चुना केव्हाच धुऊन नेला असून मागे मुख्यतः लोह व ॲल्युमिनियम उरले आहे. पाण्याला जडपणा येतो तो कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांच्या क्षारांमुळे, आणि तेच आपल्या नद्यांत कमी आहेत. नळाला कधी तांबूस किंवा काळपट पाणी येते ते लोह वा मँगनीजमुळे; तो प्रश्न गंभीर आहे, पण वेगळा आहे.

मग जडपणा येतो कुठून? मोठ्या गृहसंकुलांत नळाचे पाणी थेट स्वयंपाकघरात येत नाही. ते आधी जमिनीखालच्या टाकीत उतरते. नळ कमी पडला की त्याच टाकीत टँकर रिकामा होतो, कुठे कुठे बोअरवेलची नळीही तिथेच सोडलेली असते, आणि वर चढते ते या सगळ्यांचे मिश्रण. किनारपट्टीलगतच्या विहिरींतून एप्रिल-मे महिन्यांत बेसुमार उपसा झाला की गोड्या पाण्याची पातळी खाली जाते आणि समुद्राचे किंवा खाडीचे पाणी आत सरकते. समुद्राच्या पाण्याचा जडपणा लिटरमागे सहा हजार मिलिग्रॅमच्या वर असतो. म्हणजे विहिरीच्या शंभर लिटर पाण्यात एक लिटर जरी खारे पाणी मिसळले, तरी लिटरमागे साठेक मिलिग्रॅम जडपणा वाढतो. जिभेला ते अनेकदा कळतही नाही, गिझरला मात्र कळते.

गेल्या मे महिन्यात आमच्या इमारतीतील एका गिझरची जळालेली कॉइल मी हातात घेऊन पाहिली. मूळची बोटाएवढीही जाड नसलेली ती नळी करड्या-पांढऱ्या कवचाखाली दुप्पट फुगली होती. नखाने खरवडल्यावर पापुद्रे निघाले आणि त्यांवर लिंबू पिळताच ते फसफसले. पाणी तापले की त्यातील बायकार्बोनेट विघटित होऊन चुन्याचा असा थर जमतो, तो उष्णता पाण्यापर्यंत पोचू देत नाही, आणि कॉइल आतल्या आत तापून जळते. तोपर्यंत विजेचे बिल वाढत राहते ते वेगळेच. अळसांदे किंवा तूरडाळ न शिजण्याचे कारणही हेच क्षार आहेत, कारण कॅल्शियम दाण्यातील पेक्टिनला, म्हणजे पेशींना जोडून ठेवणाऱ्या चिकट द्रव्याला, घट्ट धरून ठेवते. साबणाचे तर पाण्यात न विरघळणारे चिकट किटण होते, आणि तेच बादलीच्या कडेला, कपड्यांवर व अंगावर राहते.

या त्रासावर उतारा म्हणून दारोदार आरओ यंत्रे, म्हणजे बारीक पडद्यातून पाणी गाळून क्षार काढणारी आणि उरलेले पाणी बाहेर टाकणारी यंत्रे, विकली जात आहेत, आणि याची मला अधिक चिंता वाटते. विक्रेता एका ग्लासात आरओचे आणि दुसऱ्यात नळाचे पाणी घेऊन त्यांत विजेच्या कांड्या बुडवतो, नळाचे पाणी तपकिरी होते आणि घरातील माणसे घाबरतात. प्रत्यक्षात त्या कांड्यांचेच लोखंड झिजून पाण्यात उतरलेले असते. टीडीएस दाखवणारे पेनही एकूण विरघळलेले क्षार दाखवते, जडपणा नव्हे. लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी टीडीएस असलेल्या पाण्यासाठी आरओला मनाई करावी, असे निर्देश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये दिले होते. नदीच्या मुळातच हलक्या पाण्याला हे यंत्र लावायचे आणि टँकरने महागात आणलेल्या पाण्यातला मोठा हिस्सा मोरीत सोडून द्यायचा, हे मला अत्यंत अनुचित वाटते. शिवाय स्वयंपाकघरातल्या आरओचा गिझरला वा कपडे धुण्याच्या यंत्राला काडीचाही उपयोग नाही.

जड पाणी प्यायल्याने मूतखडा होतो, ही भीतीही सर्रास घातली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने जडपणासाठी आरोग्याच्या निकषावर कोणतीही मर्यादा ठरवलेली नाही. भारतीय मानक १०५०० (२०१२) मात्र लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंतचा जडपणा स्वीकारार्ह मानते आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेते.

कोणतेही यंत्र घेण्यापूर्वी प्रत्येक घराने एक साधी तपासणी करावी. एका बाटलीत मीटरजवळच्या तोटीचे, म्हणजे टाकीत न शिरलेले पाणी घ्यावे आणि दुसरीत घरातल्या नळाचे. दोन्हींत साध्या अंगाच्या साबणाचा सारखाच कीस टाकून हलवावे. पहिलीत फेस आणि दुसरीत गढूळ साय दिसली, तर दोष कुठे आहे हे कोणी सांगावे लागणार नाही. त्यानंतर प्रयोगशाळेतून आकडा मिळवावा आणि तो सोसायटीच्या सभेत मांडावा.

टँकरसाठी दरवर्षी मोठी रक्कम खर्च करणाऱ्या सोसायट्या ते पाणी कोणत्या विहिरीचे आहे हे क्वचितच विचारतात. गोव्यात भूजल नियमनाचा कायदा २००२ पासून आहे. त्याच्या आधारे टँकरच्या प्रत्येक पावतीवर विहिरीचा नोंदणी क्रमांक आणि त्या महिन्यात तपासलेला जडपणा व खारेपणा दाखवणारे क्लोराइड यांचे आकडे छापणे संबंधित खात्याने बंधनकारक करावे. नळाच्या पाण्याचे हेच आकडे मार्च ते मे या काळात दर महिन्याला पंचायत व पालिका कार्यालयांच्या फलकावर लावावेत, आणि ज्या विहिरीचे पाणी खारे होऊ लागले असेल तिच्यावरील टँकर भरणे पावसाळा सुरू होईपर्यंत बंद ठेवावे.

आपला,
एक वाचक, पर्वरी