'मिशन'च्या शाळेचं मिशन मराठीत पण छापा की

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात कॉन्व्हेंट शाळांवर दोन पत्रं आली होती. एकाचं म्हणणं की या शाळा पोरं बाटवतात, दुसऱ्याचं की इंग्लिश शिकायचं असेल तर कॉन्व्हेंटच, मग डोनेशन किती का लागेना. दोन्ही वाचली आणि राहवलं नाही, कारण मी अशाच एका कॅथलिक शाळेत शिकलोय, माझी पोरगी आज तिथंच सहावीत आहे, आणि आम्ही काही ख्रिश्चन नाही.

आमच्याकडं त्या शाळेला नुसतं 'मिशन' म्हणतात. रिक्षावाल्याला मिशन म्हटलं की तो बरोबर गेटवर आणून सोडतो. (तसं खान्देशात प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांचं काम वेगळं, कॅथलिक सिस्टर लोकांचं वेगळं, पण आपल्याकडं सगळ्यांना एकाच पोत्यात घालतात.)

मी १९८४ ला पहिलीत गेलो, तेव्हा मीडियम मराठीच होतं. वडील जिनिंगमध्ये हमाल, आई रोजानं निंदणीला जायची. तिसरीत असताना एक वर्ष कापूस असा गेला की जिनिंग लवकर बंद पडलं, फी थकली, आणि आईला लाज वाटायला लागली म्हणून तिनं मला चार दिवस घरीच बसवलं. पाचव्या दिवशी सिस्टर दारात. केरळच्या होत्या, चालत आल्या होत्या, पांढऱ्या साडीच्या काठाला चिखल लागलेला. ओट्यावर बसल्या, दूध नव्हतं म्हणून आईनं कोरा चहा दिला, तो बशीत ओतून प्यायल्या आणि मोडक्यातोडक्या अहिराणीत म्हणाल्या, "माय, तुना पोऱ्या हुशार शे, शाळामा धाड." त्यांच्या तोंडून ते 'शे' ऐकून आईला एवढं हसू आलं की ती लाज बिज विसरली. फी पुढच्या दिवाळीनंतर भरली, ती पण तीन हप्त्यात. आमच्या वर्गात शिरपूर, शहाद्याकडची पावरा आणि भिल्ल पोरं होती, बोर्डिंगला राहायची, आणि त्यांच्याच शेजारी मामलेदाराचा पोरगा बसायचा.

आता बाटवण्याचं. दहा वर्षांत मला कुणीच बाप्तिस्मा घे म्हटलं नाही. ख्रिश्चन पोरं कॅटेकिझमला, म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणाला, दुसऱ्या खोलीत जायची, आम्हाला मॉरल सायन्सचा तास असायचा, ज्यात मी बराचसा झोपलोय. घटनेच्या कलम ३० नं अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क दिलाय, पण कलम २८ असंही सांगतं की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही त्याच्या किंवा लहान असेल तर पालकाच्या संमतीशिवाय धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये बिशप लोकांच्या अखिल भारतीय संघटनेनंच आपल्या शाळांना कळवलं की दुसऱ्या धर्माच्या मुलांवर ख्रिस्ती रीतीभाती लादू नका, सकाळच्या प्रार्थनेला घटनेची उद्देशिका म्हणा, सर्वधर्म प्रार्थनेसाठी एक खोली ठेवा. एवढं असूनही ज्यांना संशय घ्यायचाच आहे त्यांनी खुशाल घ्यावा.

माझी तक्रार वेगळीच आहे, आणि ती शाळेवर जीव आहे म्हणूनच आहे.

पोरीच्या डायरीत पहिल्याच पानावर 'व्हिजन आणि मिशन' छापलंय. प्रेम, सेवा, गुणवत्ता, गरिबांची विशेष काळजी. सगळं इंग्लिशमध्ये, मराठीत एक ओळ नाही. यातलं 'गरिबांची विशेष काळजी' हे शोभेला टाकलेलं नाही बरं का, १९६५ साली व्हॅटिकनच्या मोठ्या परिषदेनं शिक्षणावर जो जाहीरनामा काढला त्यात स्पष्ट लिहिलंय की कॅथलिक शाळांनी गरिबांकडं, घरचा आधार नसलेल्यांकडं आणि ख्रिस्ती नसलेल्यांकडं खास लक्ष द्यावं. म्हणजे माझ्यासारख्यांसाठीच की ते. पण आज माझ्या पोरीच्या वर्गात जिनिंगच्या हमालाचं एक पण पोर नाही. दरवर्षी आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, लॉटरीला माणसं कॅफेत लाईन लावून फॉर्म भरतात आणि मग विचारतात मिशनचं नाव का दिसत नाही, तर सुप्रीम कोर्टानं २०१४ ला अल्पसंख्याक शाळांना त्या कायद्यातून बाहेर ठेवलंय, गरिबांच्या पोरांसाठी २५ टक्के जागा ठेवायचं बंधन त्यांना नाही. ठीक, बंधन नाही. पण माझ्या वेळी कोणता कायदा होता? सिस्टर काय कलम वाचून आमच्या ओट्यावर आल्या होत्या?

दुसरी गोष्ट दंडाची. वर्गात मराठी बोललं की दहा रुपये. मागच्या महिन्यात पोरीचं बोट दारात चेमटलं, ती "आई गं" ओरडली आणि मॉनिटरनं नाव लिहिलं. आता बोट चेमटल्यावर कोणत्या भाषेत ओरडायचं? अहो, जेझुइट या कॅथलिक संघाचे फादर स्टीफन्स, मूळचे इंग्लंडचे, १५७९ साली गोव्याला आले आणि मराठीच्या इतके प्रेमात पडले की ओव्या लिहून गेले. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. मॉनिटरनं यांची पण नावं लिहायची का?

सगळं खापर शाळेवर फोडणार नाही. अनुदान नाही, शिक्षकांचे पगार फीमधूनच निघतात, सिस्टर पण आता दोन-तीनच उरल्यात. आणि तो दंड पालकांनीच मागितलाय हो, सभेत मी स्वतः बघितलं, पोरं घरी अहिराणी बोलतात म्हणून कडक नियम लावा असं सांगणारे आमच्याच गल्लीतले होते. मी गप्प बसलो होतो, हे पण लिहितो.

साने गुरुजी १९२४ पासून सहा वर्षं अमळनेरला प्रताप हायस्कूलात होते, वसतिगृह सांभाळायचे, पोरांच्या खोल्या झाडायचे असं आमचे म्हातारे अजून सांगतात. त्या सिस्टर मला त्याच जातकुळीच्या वाटतात, धर्म वेगळा असला म्हणून काय झालं.

म्हणून मागणं मोठं नाही. ते पहिलं पान मराठीत पण छापा, जमलं तर खाली चार ओळी अहिराणीत टाका, म्हणजे शाळेनं काय कबूल केलंय ते आईबापाला वाचता येईल. दंडाची वही बंद करा. आणि दर वर्गात चार-पाच जागा रोजंदारीवाल्यांच्या पोरांना, फी कापूस निघाल्यावर. माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, त्यात गुड मॉर्निंगचे फोटो टाकण्यापेक्षा आम्ही एकेका पोराची फी वाटून घेऊ, मी माझ्यापुरतं आत्ताच सांगतो. हेच सगळं मुख्याध्यापिका सिस्टरना लेखी पण दिलंय, त्यांनी नीट ऐकून घेतलं, चहा दिला, दुधाचा होता.

पुढच्या वर्षीची डायरी मार्चमध्ये प्रेसला जाते, तेवढ्यासाठी पत्र लवकर छापलं तर बरं होईल.

आपला,
एक माजी विद्यार्थी आणि पालक
जि. धुळे